म्हापशाच्या गोळ्या

आमच्या घरात माझ्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. गोळ्यांचं घेतात. जेवणं आटपली की सून विचारते, "आई, म्हापशाच्यो गोळ्यो घेतल्यात?" आणि समोर पाहुणा बसलेला असला तर त्याला वाटतं, म्हापशाला एखादा नावाजलेला वैद्य असावा. वाटू दे. म्हापशाच्या सरकारी इस्पितळात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात आणि मी त्या वीसेक वर्षं आणते आहे, एवढीच त्यातली गोष्ट.

आजार गोळ्यांच्याही कितीतरी आधीचा, नवऱ्याकडून आला. तो खाणीवर नोकरीला होता. तो गेला आणि आजार माझ्याकडे ठेवून गेला. त्याबद्दल जेवढं चिडायचं तेवढं मी चिडून घेतलं आहे, आता त्याच्या फोटोला हार घालताना हात अडखळत नाही. डिचोलीच्या बाजारात ब्लाउज शिवायचं माझं दुकान होतं. पायमशीन मारून मारून एकुलत्या एका मुलाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. त्या मशीननं शेवटी माझे गुडघे खाल्ले.

पहिल्या गोळ्या काही वर्षांनी लागू पडेनाशा झाल्या, तेव्हा दुसऱ्या सुरू झाल्या. ह्या दुसऱ्यांनी डोळे जरा पिवळट दिसतात, त्यामुळे कावीळ झाली का म्हणून विचारणाऱ्या आणि लगेच त्यावर पाला सुचवणाऱ्या बायका मला बाजारात कायम भेटत आल्या. म्हापशाला समजावून सांगायला जी बाई असते, तिनं गोळ्या बदलल्या त्या दिवशी मला समोर बसवलं होतं. म्हणाली, "ह्यातली एक गोळी राखणदार समजा. ती दुसरीला अंगातून लवकर बाहेर जाऊ देत नाही, म्हणून दुसरी काम करते. पण ह्या राखणदाराला आपलं-परकं कळत नाही. बाहेरचं एखादं औषध आलं तर तो त्यालाही आत कोंडून ठेवील, आणि मग त्या औषधाचंच विष होईल. तुमचं वय वाढणार तशी औषधं वाढणार, प्रेशरची, साखरेची, सांध्यांची. साधी पित्ताची गोळीसुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी ह्या गोळ्यांचं सांगायचं, मग दुखणं."

हे मी देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. शेजारणींना मी काही सांगत नाही, त्यांच्या जिभेला ते झेपणारं नाही. पण डॉक्टरांना सांगत आले. दाताच्या डॉक्टरला सांगितलं, तर त्यानं मला कायम सगळ्यांच्या शेवटी बोलवायला सुरुवात केली, तेही मी चालवून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली आणि चष्म्याचा नंबर काढला. माणसं अशीही असतात.

मग नातीची सोयरीक आली. माणसं मोरजीची, समुद्रापासून थोडं आत घर, मागच्या अंगाला पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. मुलगा शांत, हसरा. मुलगी बघायला आले तेव्हा मी आतून चहाचा ट्रे घेऊन आले, आणि चार पावलं चालेपर्यंत मुलाच्या आईनं माझं लंगडणं हेरलं. "आजी, किती त्रास काढतात तुमी! माजो भाव हाडांचो डॉक्टर. पेडण्याक दवाखानो आसा तेचो. थंय घेवन वचा आजीक." नवऱ्या मुलाचा मामाच तो. माझा मुलगा लगेच म्हणाला, नेतो की. तिथं नाही म्हणणार तरी कसं, सोयरीक जुळायची होती.

ती मंडळी गेल्यावर मी मुलाला म्हटलं, "त्या डॉक्टरांक म्हापशाच्या गोळ्यांचा सांगाक लागतला."

त्यानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "तू थंय कायएक बोलां नको. भायर तेंच्याच गावची माणसां बसलेली आसतत, कान टवकारून. मी आधी फोन करून सगळा सांगतंय."

आणि त्यानं फोन केला. हे मला पक्कं आठवतं, कारण मी जनेलाच्या गजांतून बघत होते. तो बाहेर बाल्कांवात उभा राहून, तोंडावर हात धरून, बराच वेळ बोलत होता. आत येऊन म्हणाला, "सांगलंय. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नको." खरं सांगते, मला तेव्हा भरून आलं. आयुष्यभर दर डॉक्टरच्या टेबलासमोर ते वाक्य मी एकटीनं म्हटलं होतं. आता माझा मुलगा ते माझ्यासाठी म्हणून आला होता.

आमच्याकडे म्हातारं माणूस डॉक्टरकडे एकटं जात नाही. सोबत मुलगा किंवा मुलगी हवीच, आणि डॉक्टरही जे विचारायचं ते त्यांनाच विचारतो. म्हाताऱ्यानं फक्त 'आ' करायचं आणि कुठं दुखतं ते बोटानं दाखवायचं. पेडण्यालाही तसंच झालं. डॉक्टरांनी माझे गुडघे वाकवून बघितले आणि मुलाकडे वळून विचारलं, "आणखी कसली औषधं चालू आहेत आजींना?"

"प्रेशरची. आणि व्हिटॅमिनं," मुलगा म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. सवय ती. मी म्हटलं, "आणि त्या म्हापशाच्या गोळ्या..."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मऊ, समजूतदार हसू. माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "असू दे आजी, असू दे." मला वाटलं, काय शहाणा माणूस आहे! त्याला सगळं माहीत आहे आणि नर्ससमोर बोलायचं नाही म्हणून डोळ्यांनीच सांगतो आहे. गाडीत बसल्यावर मी मुलाला म्हटलंसुद्धा, नातीला घर चांगलं मिळालं, माणसांना रीत आहे. मुलगा गाडी चालवत राहिला.

गुडघ्यात इंजेक्शन दिलं. महिन्याभरानं दुसऱ्या गुडघ्यातही दिलं. खोटं कशाला बोलू, पाय इतके हलके झाले की मी पोरांची घुमट वाजवायची तालीम ऐकायला देवळापर्यंत चालत गेले. गणपतीच्या चवथीला कित्येक वर्षांनी जमिनीवर बसून नेवऱ्या भरल्या, तळल्या. जो भेटेल त्याला मी त्या डॉक्टरचं नाव सांगत होते, आणि दोघी शेजारणींना तर त्यांच्याकडे जायलाही लावलं.

चवथ झाली आणि माझं तोंड गोल व्हायला लागलं. सून म्हणाली, "आईच्या तोंडार कसो उजेड इलो, बघा." शेजारणी म्हणाल्या, नातीच्या आनंदानं तब्येत सुधारली. आरशात मला ते तोंड माझं वाटेना. झोप गेली. साखर कधी नव्हती ती निघाली, तिच्याही गोळ्या आल्या. मशीनच्या कडेला हात नुसता घासला तरी काळेनिळे डाग पडायला लागले. साखरपुड्यासाठी मी माझा ब्लाउज शिवायला घेतला आणि जुनं माप लावून बघितलं. मानेखाली पाठीवर गोळा उठलेला, त्यानं गळा मागून वर ओढला जात होता. पोट सुटलेलं. आणि दंड मात्र काड्या, बाह्या लोंबत होत्या.

मी मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "वय झालां आई, आंग सुटताच."

"आंग सुटला तर आधी बाह्यो तंग जातत. माका शिकयतंस?" मी म्हटलं.

तो हसला आणि कामाला गेला. म्हापशाला जायची माझी तारीख लांब होती. तिथं लवकर जाऊया म्हटलं, तर म्हणे साखरपुडा होऊ दे, घरात एवढी धांदल.

साखरपुड्याला मी उभी राहिले. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. पेडण्याचे डॉक्टर मामाही आले होते. माझ्याजवळ येऊन ते मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आजी! आता! चालताय की! झकास!" मांडवात गलका होता, म्हणून ओरडत असतील असं मला वाटलं.

त्यानंतर अंगातली ताकदच कुणी काढून नेल्यासारखी झाली. उठून बसलं की घेरी, खाल्लं की उलटी. एका सकाळी सोलकढीसाठी नारळ फोडायला घेतला आणि मी विळीशेजारीच कोसळले. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत प्रेशर इतकं उतरलं होतं की मला त्यातलं काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझ्या मुलाला बाहेर पाठवलं. "मला आजींशी बोलायचंय," म्हणाली. मग पलंगाच्या कडेला बसून तिनं मला विचारलं. मला! कुठल्या गोळ्या, कधीपासून, पित्ताचं काही घेता का, दम्याचा फवारा मारता का, काढा पिता का, इंजेक्शनं कुणी कुठं दिली. मी सगळं सांगितलं. गुडघ्याचं ऐकताच ती लिहायची थांबली.

"त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असतं, आजी. थोड्या दिवसांत ते अंगातून उतरायला हवं. तुमच्या गोळीनं ते अडवून धरलं. बाहेरून एवढं मिळतंय म्हटल्यावर तुमच्या शरीरानं स्वतःचं बनवायचं बंद केलं. मग इंजेक्शनातलं संपलं आणि शरीराकडे स्वतःचं काहीच नव्हतं, म्हणून तुम्ही पडलात. तुम्ही त्या डॉक्टरांना म्हापशाच्या गोळ्यांचं सांगितलं नव्हतं?"

"मुलानं फोन करून सांगितलं होतं."

तिनं ते लिहून घेतलं. "मग त्यांनी हे द्यायलाच नको होतं," एवढंच म्हणाली. त्या डॉक्टरांना मी फोन करू का, असं तिनं मुलाला आत बोलावून विचारलं. तो म्हणाला, नको, नात्यातले आहेत, मीच बोलतो.

म्हापशाच्या डॉक्टरांशी बोलून तिनं माझ्या गोळ्या बदलल्या, राखणदार नसलेल्या दिल्या. वर स्टेरॉइडच्या बारीक गोळ्या, हळूहळू कमी करायच्या, मनानं बंद केल्या तर पुन्हा कोसळणार.

घरी आल्यावर मी त्या पेडण्याच्या डॉक्टरला रोज शिव्या घातल्या. सकाळच्या चहात उंडो पाव बुडवताना घातल्या, देवापुढे दिवा लावताना घातल्या. सगळं माहीत असून सुई टोचली! वर हसला! सून कुजबुजत म्हणायची, "हळू बोला आई, लग्न जवळ इलां." मुलगा समोर बसून निमूट ऐकायचा. एकदाच म्हणाला, "चूक तेंचीच. पण आता बोलान काय उपयोग?" मला वाटलं, आईवरच्या मायेनं आणि मुलीच्या काळजीनं बिचाऱ्याची कोंडी झाली आहे. मला त्याची कीव आली.

पण मी गप्प बसणारी नव्हे. पायात जरा जीव आल्यावर, म्हापशाला गोळ्या आणायला जाते असं घरी सांगून निघाले, गोळ्या घेतल्या, आणि म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बसमध्ये चढले. कुठले शब्द आधी, कुठले मागून, सगळं मनात घोळवत होते. लग्न मोडायचं नव्हतं. मला त्या माणसाच्या तोंडून फक्त 'चुकलो' ऐकायचं होतं.

मला बघून डॉक्टर उठून उभे राहिले. "आजी! सोबत! कोण आहे?" तसंच मोठ्यानं, तुटक.

"कुणी नाही. मी बहिरी नाही, नीट बोला," मी म्हटलं. आणि मग जे काही म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं, क्रम चुकवून, एका दमात म्हणून टाकलं. ते आधी गोंधळले. मग त्यांनी दार लावलं. मी पिशवीतून गोळ्यांची नवी बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून वाचली. चष्मा काढला, परत घातला, आणि खाली बसले.

"आजी, हे मला कुणी सांगितलं नाही," आता ते माणसासारखं बोलत होते.

"खोटं बोलू नका. मुलानं तुम्हाला फोन केला होता. मी बघितलाय करताना."

"केला होता," ते म्हणाले. सांगावं की नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "ते म्हणाले, आईचं हल्ली डोकं नीट चालत नाही. कसल्या तरी म्हापशाच्या गोळ्या घेते असं सांगेल. तसलं काही नाही, मनावर घेऊ नका, नुसतं हो म्हणा."

म्हणजे ते हसू! मी ज्याला समजूत समजले, ते वेडीला दाखवायचं हसू होतं. मांडवातलं ते ओरडणंही. सगळा साखरपुडा त्या माणसानं माझ्याकडे भ्रमिष्ट म्हातारी म्हणून बघितलं, आणि मी त्याला नमस्कार करत होते.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बोलत होता आणि मी ऐकलं नाही. चुकलो मी." जे ऐकायला आले होते ते मिळालं, आणि मला त्याचं काय करायचं ते कळेना. बहिणीला मी काही सांगणार नाही, असंही ते म्हणाले. मी बाटली पिशवीत टाकली. त्यांनी चहा मागवला होता तो न पिता निघाले.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लपवलं, ठीक आहे. आमच्या घरात लपवण्यात सगळेच पटाईत, मीही. पण लपवायचंच होतं तर त्याला सोपी वाट होती. त्यानं मला म्हणायचं, आई, ह्या डॉक्टरकडे नको, लग्न होईपर्यंत दुखणं सोस. मी सोसलं असतं. साखरपुड्याला लंगडत उभी राहिले असते आणि हसले असते. त्यानं ते मला विचारलंच नाही. त्यापेक्षा मला वेडी ठरवणं त्याला सोपं वाटलं. आणि इस्पितळात मी मरता मरता वाचल्यावर, महिनोन् महिने मला दुसऱ्याच माणसाला शिव्या घालू दिल्या. शेजारी बसून ऐकल्या. नवऱ्यानं आजार दिला तेव्हा मी एवढी तुटले नव्हते. नवऱ्याला आपण काय देतो आहोत ते निदान ठाऊक तरी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा मुलगा बाल्कांवात कदेलावर बसून फोन बघत होता. मी चपलाही काढल्या नाहीत.

"माजा डोक्या चालना नाय म्हणान सांगलंस तू डॉक्टराक?"

त्याचा चेहरा उतरला. कुणी सांगितलं, कधी गेलीस, असलं काही त्यानं विचारलं नाही. उठून उभा राहिला, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, हळू."

"मी मरान गेल्ये असते रे."

"माका काय ठावक, एका इंजेक्शनान असा होतला? माका वाटला, डॉक्टर उगीच घाबरयतत." मग आवाज खाली घेऊन, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तू तरी बघ ना आई. तुजा वय झालां. तिचा अजून सगळा व्हायचा आसा."

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. सून नातीच्या लग्नाच्या साड्या कुणालातरी दाखवत होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. केस कपाळावरून मागे हटलेले, अंगानं भरलेला, बापासारखाच जरा पोक काढून उभा राहणारा माणूस.

"तू शाळेत आसताना," मी म्हटलं, "माका म्हापशाक पयल्यांदा सांगल्यानी, तुका ह्यो रोग आसा म्हणान. मी किती वर्सां जगतलंय ता विचारूक नाय. विचारलंय, माजो झील आपल्या पायांर उबो रवापर्यंत माका जगवशात काय?"

त्यानं हातातला फोन खिशात टाकला.

"रवलंस ना रे तू उबो," मी म्हटलं, आणि चपला काढून आत गेले.